चोर ओळखण्याचं प्रशिक्षण की जात ओळखण्याचं?



मागच्या महिन्यात आमच्या वस्तीतला एक मुलगा घरी आला. बारावी झालेला, हुशार, भीमजयंतीच्या मिरवणुकीत सगळ्यात पुढं असणारा. इथंच मानोऱ्यात एका नव्या मार्टमध्ये त्याला काम लागलं आहे. निळा शर्ट, गळ्यात ओळखपत्र, महिन्याला ठरलेला पगार. घरचे खूश होते. तो मात्र अस्वस्थ होता. पहिल्याच दिवशी त्याला सांगण्यात आलं होतं, "तांड्यावरच्या बाया आल्या की त्यायच्या मांगंमांगं राह्यजो." त्याचा प्रश्न साधा होता, "दादा, हे बरोबर हाये का?"

नाही, एवढं म्हणून आम्ही मोकळे होऊ शकलो असतो. पण आम्ही गप्प झालो, कारण ही शिकवण आम्हीही घेतली आहे, तीही दोनदा. आपल्यावर झालेल्या अन्यायाबद्दल आपण नेहमी लिहितो आणि लिहिलंच पाहिजे. आज मात्र आम्ही स्वतः काय केलं ते लिहितो आहोत.

२००४ साली दहावीची परीक्षा संपली आणि आम्ही गावातल्या एका कापड दुकानात हंगामापुरते लागलो. मानोरा तालुक्यातल्या वाचकांना हा हंगाम सांगायला नको. पोहरादेवीला रामनवमीची यात्रा असते, देशभरातून बंजारा समाज येतो, आणि त्याच्याच मागेपुढे भीमजयंती. म्हणजे तांड्यावरची बाई आणि आमच्या वस्तीतली बाई एकाच पंधरवड्यात एकाच दुकानाची पायरी चढते. एक फेटियाचं कापड घ्यायला, दुसरी पांढरं लुगडं घ्यायला. दुकानदार तेवढ्या दिवसांसाठी चार पोरं जास्तीची ठेवतो.

पहिल्या दिवशी दिवाणजीनं आम्हाला कामाची रीत सांगितली. तेव्हा 'ट्रेनिंग' हा शब्द कोणी वापरत नव्हतं, पण होतं ते प्रशिक्षणच. गिऱ्हाइकापुढं एका वेळी तीनपेक्षा जास्त साड्या उलगडायच्या नाहीत. चौथी मागितली तर पहिली घडी घालून मागं ठेवायची, मगच चौथी काढायची. कापड मोजताना गिऱ्हाइकाशी बोलायचं, पण नजर गजावर ठेवायची. गर्दीत पाठ फिरवायची नाही. इथपर्यंत सगळं ठीक. पुढचं असं होतं : गोरमाटी बाया घोळक्यानं आल्या तर दोन बायांमागं एक पोरगं. त्यांच्या फेटियाच्या घेरात अख्खं थान जातं. पारधीण आली तर तिला पायरीवरच काय पाहिजे ते विचारायचं. काखेत लेकरू असेल तर लेकराच्या दुपट्यावर लक्ष.

आज समाजशास्त्राची पदवी हाताशी असल्यामुळं त्या शिकवणीचे दोन भाग वेगळे दिसतात. पहिला भाग मालाबद्दल होता. तीन साड्यांचा नियम तहसीलदारीणबाईंनाही लागू होता आणि चोरी खरोखर थांबत असेल तर ती त्यानंच थांबत होती. दुसरा भाग माणसाबद्दल होता. पंधरा वर्षांच्या पोराला हा फरक कळत नाही. त्याला वाटतं, हे सगळं मिळून दुकानदारीचं ज्ञान आहे.

त्या ज्ञानात एक खूण होती. शेठजी गादीवरून हसून म्हणायचे, "अरे, बाईंना पाणी द्या." म्हणजे या बाईवर लक्ष ठेवा. ज्याच्या जवळ ती बाई असेल त्या पोरानं "हो शेठजी" म्हणायचं, पाण्याचा ग्लास द्यायचा आणि तिथून हलायचं नाही. गिऱ्हाइकाला राग नाही, दुकानाची बदनामी नाही, उलट मान दिल्यासारखं. दिवाणजीला या युक्तीचं मोठं कौतुक होतं.

ही खूण कळली त्या दिवशी संध्याकाळी आम्ही घरी जेवलो नाही.

कारण आमची माय वर्षानुवर्षं त्याच दुकानात जायची. जयंतीचं लुगडं तिथूनच. गावात दुसरी दोन दुकानं होती, कदाचित स्वस्तही असतील, पण माय म्हणायची, "लय चांगला शेठ हाये बाप्पा. आपल्याले पाणी इचारते." हे ती वस्तीत चार बायांना सांगायची. ज्या बाईनं लहानपणी आपल्या आजीला विहिरीच्या काठावर दुसऱ्याच्या दयेची वाट पाहत उभं राहिलेलं पाहिलं, तिला दुकानात काचेच्या ग्लासात पाणी मिळणं ही काय गोष्ट असते, हे या लेखाच्या वाचकांना समजावून सांगायची गरज नाही. १९२७ चं महाड आपल्याकडं तोंडपाठ आहे. आमच्या मायसाठी चवदार तळ्याचं पाणी त्या दुकानातल्या ग्लासापर्यंत आलं होतं. आणि तो ग्लास म्हणजे काय होतं, हे तिच्या पोराला आता कळलं होतं.

आम्ही काम सोडलं नाही. हंगाम पूर्ण केला, पैसे घेतले, अकरावीची पुस्तकं घेतली. त्या पंधरा दिवसांत तांड्यावरच्या किती बायांना आम्ही पाणी दिलं, त्याचा हिशेब नाही.

हे पाणी आणि ही नजर दुकानात आली कधी, हा प्रश्न पुढं एम.ए. करताना पडला. आमच्या आजोबांच्या काळात याची गरजच नव्हती. ते दुकानाच्या ओट्याखाली उभे राहायचे. पैसे ओट्यावर ठेवायचे, दुकानदार पुडी वरून टाकायचा. ज्याला मालाला हातच लावायचा नाही तो माल उचलणार कसा? अस्पृश्यता हीच त्या दुकानाची पहारेकरी होती. मग संविधान आलं. अनुच्छेद १५(२) काढून वाचा. सार्वजनिक ठिकाणी प्रवेशाचा हक्क देताना त्यात पहिला शब्द दुकानांचा आहे, विहिरी आणि तलाव पुढच्या उपखंडात येतात. २९ नोव्हेंबर १९४८ रोजी संविधान सभेत या कलमावर चर्चा झाली, तेव्हा दुकान म्हणजे नेमकं काय असं बाबासाहेबांना विचारलं गेलं. त्यांनी उत्तरात स्पष्ट केलं की इथं दुकान हा शब्द नुसत्या आत शिरण्याच्या मर्यादित अर्थानं नाही, ठरलेल्या अटींवर जो कोणी सेवा देतो त्याच्याकडून ती सेवा मिळण्याच्या व्यापक अर्थानं आहे. आम्हाला हा खुलासा फार महत्त्वाचा वाटतो. दार उघडणं वेगळं आणि गिऱ्हाईक म्हणून वागवणं वेगळं, हे बाबासाहेबांनी दुकानाच्या बाबतीत तेव्हाच सांगून ठेवलं आहे. आपण दार उघडलं यावर समाधान मानलं. ओटा गेला आणि त्याच्या जागी नजर आली.

जगभरात ही नजर वाढली ती गिऱ्हाइकानं स्वतः माल उचलण्याची पद्धत आली तेव्हा. १९१६ साली अमेरिकेत मेम्फिस शहरात क्लॅरेन्स साँडर्स नावाच्या माणसानं 'पिगली विगली' हे दुकान काढलं, तिथं गिऱ्हाइकानं टोपली घेऊन फळीवरचा माल आपणच घ्यायचा होता. नोकर कमी लागले, विक्री वाढली आणि चोरीची चिंताही वाढली. अमेरिकेतले काळे लोक आजही तक्रार करतात की दुकानात शिरलं की पहारेकरी मागं लागतो. आपल्याकडं ही पद्धत सर्वत्र पसरली ती २००० नंतर. बिग बाजारचं पहिलं दुकान २००१ चं, डी-मार्टचं पवईतलं २००२ चं. आम्ही ज्या दुकानाबद्दल पुढं लिहितो आहोत ते या दोघांपैकी नव्हे.

२०१२ साली आम्ही अमरावतीला एम.ए. करत होतो. खोलीचं भाडं आणि मेसचे पैसे निघावेत म्हणून कपड्यांच्या एका मोठ्या दुकानात लागलो. तिथं खरंखुरं प्रशिक्षण होतं, दोन दिवसांचं, हिंदीतून, पडद्यावर चित्रं दाखवून. शिकवणारे गृहस्थ मुंबईहून आले होते. खरं सांगायचं तर त्यांनी शिकवलं ते वाईट नव्हतं. गिऱ्हाईक आत आलं की दहा पावलांच्या आत त्याला नमस्कार करा. आपल्याला कोणीतरी पाहिलं आहे हे कळलं की चोरीचा विचार असलेला माणूस निम्मा गार होतो आणि चांगल्या गिऱ्हाइकाला बरं वाटतं. ट्रायल रूममध्ये जाताना कपडे मोजून टोकन द्या, बाहेर येताना पुन्हा मोजा. महाग मालाला टॅग लावा. माल उचलताना, लपवताना आणि पैसे न देता दाराबाहेर पडताना स्वतःच्या डोळ्यांनी पाहिल्याशिवाय कोणाला अडवू नका. कपड्यांवरून माणूस ठरवू नका, हेही ते म्हणाले. आम्ही वहीत लिहून घेतलं.

ते गेले आणि दुसऱ्या दिवशी आमच्या फ्लोअर सुपरवायझरनं त्या प्रशिक्षणाचं भाषांतर केलं. "ते मुंबईचं झालं. इथं बेड्यावरचे लोक येतात." बेडा म्हणजे पारध्यांची वस्ती, अमरावती जिल्ह्यात हा शब्द सगळ्यांना माहीत. दोन दिवसांचं शास्त्र एका वाक्यात गेलं आणि २००४ चा दिवाणजी परत आला.

ऑगस्टचे पहिले दिवस होते. एक पारधी बाई मुलांच्या कपड्यांकडं आली. सोबत आठ-नऊ वर्षांचा मुलगा. तिनं पांढरे शर्ट हाताळले, एक मुलाच्या पाठीला लावून पाहिला, परत ठेवला, दुसरा पाहिला. सुपरवायझरनं आम्हाला खूण केली. ती काहीच न घेता दाराकडं निघाली तेव्हा आम्ही तिला अडवलं. काही विचारायच्या आधीच तिनं खांद्यावरची थैली फरशीवर उपडी केली. "घे पाय भाऊ. सारी पाय." थैलीत एक पाण्याची बाटली, औषधाची चिठ्ठी, पोळीची पुरचुंडी आणि कंगवा होता. मग तिनं पदराची गाठ सोडून पैसे दाखवले, मग मुलाला हात वर करायला सांगितलं. मुलानं हात वर केले. त्यालाही सवय होती. पंधरा ऑगस्टच्या शाळेच्या कार्यक्रमासाठी शर्ट पाहत होती, किंमत परवडली नाही, एवढंच होतं.

आम्ही माफी मागितली नाही. युनिफॉर्ममध्ये होतो, मागं सुपरवायझर उभा होता. "ठीक आहे, जा," एवढंच म्हटलं. दुपारी साडेतीनला विद्यापीठात भटक्या-विमुक्तांच्या प्रश्नावर आमचा पेपर वाचायचा होता. तो वाचला. टाळ्या पडल्या.

त्या पेपरातच आम्ही लिहिलं होतं की १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्यानं जन्मानंच माणसाला गुन्हेगार ठरवलं. त्याच्या अकरा वर्षांनी, १८८२ साली, गुंथॉर्प नावाच्या पोलीस अधिकाऱ्याचं पुस्तक निघालं. मुंबई इलाखा, वऱ्हाड आणि मध्य प्रांतातल्या 'गुन्हेगार जमाती' हा त्याचा विषय. मग १९०८ मध्ये केनेडी या दुसऱ्या अधिकाऱ्याचं. जातवार प्रकरणं : हे लोक दिसतात कसे, कपडे कसे घालतात, चोरी कशी करतात. पोलिसांच्या शिक्षणासाठी लिहिलेली ही पुस्तकं. आमच्या दिवाणजीनं ती पाहिलीही नसतील. पण फेटियाच्या घेराचं त्याचं ज्ञान त्याच पद्धतीचं होतं, आधी जात सांगायची आणि मग गुन्हा. कायदा ३१ ऑगस्ट १९५२ ला गेला, पद्धत राहिली.

आपली मराठी भाषाही यात निर्दोष नाही. दुकानातून माल लांबवण्याला आपण उचलेगिरी म्हणतो. फसवणाऱ्याला भामटा म्हणतो. उचले आणि भामटा ही महाराष्ट्र शासनाच्या विमुक्त जातींच्या यादीतली नावं आहेत. म्हणजे एखाद्या मुलाला शाळेत दाखल करताना त्याच्या जातीच्या दाखल्यावर जो शब्द असतो, तोच शब्द दुसऱ्या दिवशीच्या वर्तमानपत्रात चोराच्या बातमीच्या मथळ्यात असतो. 'भामट्यानं वृद्धेला गंडवलं' असा मथळा आपल्यापैकी किती कार्यकर्त्यांनी विचार न करता पुढं पाठवला असेल! आम्हीही पाठवला आहे. लक्ष्मण गायकवाडांनी १९८७ साली आपल्या आत्मकथेला तेच नाव दिलं, 'उचल्या', आणि पुढच्या वर्षी त्या पुस्तकाला साहित्य अकादमी मिळाली. त्यात चोरी शिकवतानाची मारझोड आहे. पोलिसांचा मार पडला तरी पोरानं तोंड उघडू नये म्हणून घरच्यांनीच त्याला मारून तयार करायचं. ज्या समाजाला पिढ्यान् पिढ्या दुसरं काम मिळू दिलं नाही, त्याचं ते प्रशिक्षण. अमरावतीच्या त्या मुलाला चोरी कोणी शिकवली नव्हती, हात वर करायला शिकवलं होतं.

बाबासाहेबांनी १९४८ च्या 'द अनटचेबल्स' या ग्रंथाच्या प्रस्तावनेत अस्पृश्य, आदिवासी आणि गुन्हेगार ठरवलेल्या जमाती यांना एकत्र ठेवलं आहे आणि असे वर्ग निर्माण करणाऱ्या संस्कृतीला जाब विचारला आहे. बाबासाहेबांनी ज्यांना एका ओळीत बसवलं, त्यांच्यापैकी एकाला दुकानानं दारावर पहारेकरी म्हणून उभं केलं आणि दुसऱ्याची थैली त्याच्याकडून तपासून घेतली. श्रेणीबद्ध विषमता आपण पुस्तकात शिकतो. ती राबवण्यासाठी फार मोठ्या शत्रूची गरज पडत नाही, साडेचार हजार रुपये पगार पुरतो. आणि जरा मागं पाहिलं तर हे काम आपल्याला नवीन कुठं आहे? गावाची राखण करणं, चोराचा माग काढणं हे महाराच्या वाट्याला आलेलं गावकीचं काम होतं. गावाची राखण करायची आणि गावाबाहेर राहायचं. बाबासाहेब महार वतनाविरुद्ध १९२८ पासून कायदेमंडळात लढले ते या गुलामगिरीतून सोडवायला. निळा शर्ट घालून आम्ही पुन्हा वेसकर झालो होतो. फरक इतकाच की आता आम्हाला दुकानात शिरता येत होतं.

काही मित्र म्हणतील, चोरी तर होतेच ना? होते. दुकानदारानं नुकसान सोसावं असं आम्ही म्हणत नाही. गावातला छोटा दुकानदार रुपयामागं काही पैशांवर जगतो, त्याच्या दोन साड्या गेल्या तर त्या दिवसाची कमाई गेली. २०११ साली जगातल्या ४३ देशांतल्या दुकानांच्या तुटीची पाहणी प्रसिद्ध झाली होती, तिच्यात भारत सर्वात वर होता, विक्रीच्या २.३८ टक्के. पण ही तूट म्हणजे फक्त गिऱ्हाइकाची चोरी नव्हे. नोकरांची, पुरवठादाराची आणि हिशेबाच्या चुकांची भर तिच्यात असते. आमच्या त्या दुकानात दिवाळीनंतर मालाची मोजणी झाली तेव्हा मोठा खड्डा सापडला तो मागच्या दाराशी, खोकी उतरवून घेताना. खोकं न उघडताच पावतीवर सही व्हायची. बेड्यावरच्या लोकांना मागच्या दारातून कोणी आत घेत नव्हतं. तरीही तुटीचे पैसे कापले गेले आमच्या, समोरच्या पोरांच्या पगारातून. तेव्हा लागू असलेल्या १९३६ च्या वेतन प्रदान कायद्यात स्पष्ट होतं की नोकराच्या ताब्यात दिलेला माल त्याच्याच हलगर्जीमुळं गेला असेल तरच कपात करता येते आणि तीही त्याचं म्हणणं ऐकून घेतल्यावर. समाजशास्त्राचे विद्यार्थी असूनही आम्हाला हे माहीत नव्हतं.

म्हणून त्या मुलाला आम्ही कायद्यापासून सुरुवात करून सांगितलं. दुकानाच्या नोकराला कोणाची झडती घेण्याचा अधिकार नाही. पोलिसांनासुद्धा बाईची झडती बाईकडूनच आणि तिची लाज राखून घ्यावी लागते. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम ४० सामान्य माणसाला काही ठरावीक गंभीर गुन्हे डोळ्यांसमोर घडले तरच आरोपीला पकडण्याची मुभा देतं आणि सहा तासांच्या आत पोलिसांकडं सोपवायला लावतं. नुसत्या संशयावरून वाट अडवली तर न्याय संहितेच्या कलम १२६ खाली आणि खोलीत बसवून ठेवलं तर १२७ खाली गुन्हा अडवणाऱ्यावर होतो, शेठवर नव्हे, आधी तुझ्यावर. आणि खरोखर चोरी झालीच, माल पाच हजारांच्या आतला असला, पहिलाच गुन्हा असला आणि माल किंवा त्याची किंमत परत केली, तर नव्या कायद्यानं शिक्षा सामुदायिक सेवेची आहे. पारधी समाज आपल्या राज्यात अनुसूचित जमातीत येतो, तेव्हा जातीवरून अपमान झाला तर अॅट्रॉसिटीचा कायदाही आहे. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी सुकन्या शांता यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयानं तुरुंगातल्या जातीवरच्या कामवाटपाचे नियम रद्द केले, त्यात विमुक्त जमातींना सवयीचे गुन्हेगार समजण्याच्या वृत्तीवरही बोट ठेवलं आहे. ते दुकानांना लागू नाही, पण वाचून ठेव, असं त्याला म्हटलं.

मुलगा ऐकत होता. मग म्हणाला, "दादा, हे सारं खरं. पण मी उद्या सकाळी नऊ वाजता काय करू? पाहू कोणाकडं?"

मालाकडं पाहा, म्हटलं. सगळ्यांना नमस्कार कर, मास्तरणीला करशील तसाच फेटियावालीला. महाग वस्तू काउंटरजवळ ठेवायला सांग. खोकी उतरतील तेव्हा उघडून मोजायला सांग. मागंमागं राहायला सांगितलं तर सगळ्यांच्या मागं राहा, नाहीतर कोणाच्याच नाही. आणि काम गेलं तर? तो हे विचारणार हे आम्हाला माहीत होतं. त्याचं खात्रीचं उत्तर आमच्याकडं नव्हतं. काम गेलं तर आपण मिळून मालकाकडं जाऊ, तांड्यावरच्या चार माणसांना सोबत घेऊन जाऊ, एवढंच म्हणालो. तांड्यावरच्या तशा चार माणसांशी आमची ओळख नाही हे बोलून गेल्यावर लक्षात आलं. गेले तीन आठवडे ती करून घेतो आहोत.

मायला त्या पाण्याची गोष्ट आजवर सांगितलेली नाही. आता ताई हा लेख तिला वाचून दाखवील. ते कापड दुकान अजून आहे. शेठजी गेले, मुलानं गादी काढून काचेचे काउंटर केले, चार कोपऱ्यांत कॅमेरे बसवले. यंदा जयंतीचं लुगडं घेऊन आली तेव्हा माय नाराज होती. "बुढा शेठ होता तवा बरं होतं," म्हणाली, "आता कोणी पाणीबी इचारत नाई."